एकदाच विचारलं

मुलांनो, आधी एक घर डोळ्यांसमोर आणा. दुमजली, फिकट पिवळं, पुढे मोटारीसाठी रुंद पांढरं दार, आणि अंगणात काडीसारखं एक झाड. आणलंत? आता त्याच्या शेजारी अगदी तसंच दुसरं घर आणा. समोर तिसरं. वळणाच्या पलीकडेही तीच घरं, तीच दारं, तीच झाडं. आता असं समजा, की तुमची सत्तरी उलटली आहे. तुम्हाला इथली भाषा येत नाही, मोटार चालवता येत नाही, आणि सकाळी घरातली माणसं कामाला गेली की संध्याकाळपर्यंत तुमच्याशी एक शब्द बोलायला कोणी नाही. पाय मोकळे करायला म्हणून तुम्ही बाहेर पडलात. परत येताना आपलं घर कुठलं ते कसं ओळखाल?

शू आजींना ते ओळखता आलं नाही. त्यांनी भलत्याच दाराला किल्ली लावून पाहिली, घरातली बाई घाबरली, आणि शेवटी पोलिसांच्या गाडीतून आजी घरी आल्या. गाडीतून उतरताना शेजारपाजारचे लोक खिडक्यांतून पाहत होते. त्या दिवसापासून आजींनी एकटीनं बाहेर पडणं सोडून दिलं.

ही गोष्ट नेपरव्हिलची, शिकागोच्या पश्चिमेला आहे ना, त्या गावातली. साल एकोणीसशे शहाऐंशी. आजी चीनच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातून, नवरा गेल्यावर, मुलाकडे राहायला आल्या होत्या. आणि त्यांच्या शेजारच्या, त्यांच्या घरासारख्याच दिसणाऱ्या घरात उत्तरा राहायची. उत्तरा दहा वर्षांची. तिचे बाबा आणि आजींचा मुलगा, म्हणजे शू काका, एकाच ऑफिसात इंजिनिअर. आई, म्हणजे सुमेधा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. उत्तराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीतून यायचं.

आजींचं पोलिसांच्या गाडीतून येणं आईच्या मनाला फार लागलं. तिनं चौकशी केली, तेव्हा कळलं की मोठ्या रस्त्याच्या पलीकडे जे चर्च आहे, त्याच्या तळघरात दर बुधवारी दुपारी आसपासची म्हातारी चिनी माणसं जमतात. चहा पितात, गाणी म्हणतात, माहजाँग खेळतात. माहजाँग म्हणजे छोट्या पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. त्याला एका टेबलाभोवती चौघं लागतात, तिघांत तो रंगत नाही. आईनं शू काकूंशी बोलून ठरवलं. उत्तराची शाळा तीनला सुटते. बुधवारी तिनं आजींना चर्चपर्यंत सोडायचं, जवळच्या लायब्ररीत थोडा वेळ बसायचं आणि येताना घेऊन यायचं.

पहिल्या बुधवारी आई सुट्टी काढून स्वतः बरोबर आली. तिनं बेल वाजवली. आजींनी दार उघडलं. आईनं चर्चच्या दिशेला हात केला, दोन बोटं चालवून दाखवली आणि म्हणाली, "चला." आजींनी दोन्ही हात हलवले. नको, नको. उत्तरा मागे वळलीसुद्धा, पण आई जागची हलली नाही. तिनं आजींचा दंड धरला आणि हसत पुन्हा म्हणाली, "चला हो." आजींनी मान हलवली, पोट धरून दाखवलं, जणू बरं वाटत नाही. आईनं तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा आजी हसल्या, दारामागे वाकल्या आणि काळे कापडी जोडे पायांत सरकवले. जोडे तिथेच होते. दाराच्या मागे, बाहेरच्या दिशेला तोंड करून, अगदी तयार. कोटसुद्धा अंगातच होता.

"मग त्या नो का म्हणत होत्या?" उत्तरानं वाटेत विचारलं.

"अगं, पहिलं नको नुसतं रीत म्हणून असतं," आई म्हणाली. "लगेच हो म्हटलं तर हावरटासारखं दिसतं ना. तू रेखा काकूंकडे काय करतेस? आधी नको म्हणतेस, आणि मग दोन करंज्या खातेस."

उत्तराला हसू आलं. तिला ते पटलं, आणि पक्कं लक्षात राहिलं. हे तुम्हीही लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते तिला हे ठाऊक असताना झालं.

सुरुवातीचे बुधवार छान गेले. तळघरात शिरल्याबरोबर आजी वेगळ्याच व्हायच्या. घरी ज्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, त्या इथे सोंगटी टेबलावर आपटून मोठ्यानं हसायच्या. त्यांच्या टेबलावर टांग बाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. त्यांना थांबत थांबत का होईना, इंग्रजी यायचं. एकदा त्या उत्तराला म्हणाल्या, "तुझ्या या आजी फार लबाड खेळतात बरं. आम्हाला कोणाला जिंकू देत नाहीत." परतताना आजी काहीतरी गुणगुणायच्या, उत्तराचा हात घट्ट धरायच्या आणि खिशातून खारवलेलं सुकं आलुबुखार काढून तिच्या तळहातावर ठेवायच्या. ते इतकं आंबट असायचं की उत्तराचे डोळे मिटायचे. त्यावर आजी पुन्हा हसायच्या.

मग ऑक्टोबरात कोपऱ्यावरच्या घरी बास्केटबॉलची जाळी लागली. ते क्रेगचं घर. क्रेग उत्तराच्याच वर्गात होता, आणि वर्गातली निम्मी मुलं आता दुपारी तिथे असायची. बुधवारी उत्तरा आजींचा हात धरून वळणावर आली, तसे चेंडू थांबले. आजींचा जाड, शिवणी घातलेला निळा कोट, कापडी जोडे, पुरुषासारखे कापलेले पांढरे केस. एका मुलानं बोटांनी डोळे ताणले. कोणीतरी फिदीफिदी हसलं. क्रेगनं विचारलं, "ही तुझी आजी का?"

उत्तरानं हात सोडला. "मी ओळखतसुद्धा नाही हिला," ती म्हणाली.

आजींना इंग्रजी कळत नव्हतं. पण सुटलेला हात कळायला कुठली भाषा लागते? त्यांनी तो हात हळूच कोटाच्या खिशात घातला. उरलेली वाट त्या उत्तराच्या चार पावलं मागून चालत आल्या, ओळख नसलेल्या माणसासारख्या. येतानाही तसंच. त्या दिवशी आलुबुखार मिळालं नाही. उत्तरानं मान वर करून पाहिलंही नाही.

पुढच्या बुधवारी ती आजींच्या दारात उभी राहिली, तेव्हा वळणावरून चेंडू आपटल्याचे आवाज येत होते. तिनं बेल वाजवली. आजींनी दार उघडलं. उत्तरानं दोन बोटं चालवून दाखवली. आजींनी हात हलवले. नको, नको.

"ओके," उत्तरा म्हणाली आणि निघाली.

इतकं सोपं होतं ते. संध्याकाळी आईनं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "शी सेड नो." त्यात खोटं काहीच नव्हतं. आई म्हणाली, "थंडी पडायला लागली ना, म्हणून असेल." पुढच्या बुधवारी तेच, आणि त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. उत्तरा एकदाच विचारायची, एक नको ऐकायची, आणि लगेच काढता पाय घ्यायची. पण दार मिटता मिटता तिची नजर खाली जायचीच. कापडी जोडे दारामागेच असायचे, बाहेरच्या दिशेला तोंड करून. तिला ते दिसायचे, आणि दिसले हे तिला माहीत असायचं. घरी जाऊन ती दूध पिताना टीव्ही मोठा लावायची.

नोव्हेंबर आला. एका संध्याकाळी शू काकू आईची थाळी परत करायला आल्या आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच रडायला लागल्या. उत्तरा जिन्यात बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. काकू इंग्रजीतून सांगत होत्या की सासूबाई अलीकडे भाताच्या दोन घासांवर उठतात. कोणाशी बोलत नाहीत. बुधवारी संध्याकाळी घरी यावं, तर कोट घालून खिडकीशी बसलेल्या असतात, आणि अगदी अंधार पडला की कोट काढून ठेवतात. काकूंनी खोदून विचारलं, तर म्हणाल्या, त्या पोरीला माझं ओझं होतं. ती चांगली मुलगी आहे, तरी विचारायला येते. पण ओझं ते ओझंच. आता म्हणतात, मला परत पाठवा. तिकडे घर उरलेलं नाही, माणूस उरलेलं नाही, तरी म्हणतात, पाठवा. शू काका तिकिटांची चौकशी करत होते.

"उत्तरा," आईनं हाक मारली. "तू नीट विचारतेस ना गं त्यांना?"

आता सांगायची वेळ होती. उत्तरानं जिन्याचा कठडा धरला. "आय आस्क एव्हरी वीक," ती म्हणाली. आई मग शू काकूंसाठी चहा ठेवायला वळली. उत्तरा वर जाऊन पांघरुणात शिरली. ती चांगली मुलगी आहे, असं आजी म्हणाल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर पांघरुणात निदान रडता तरी आलं असतं.

शनिवारी मराठी मंडळाची दिवाळी होती. दिवाळी होऊन गेली होती, पण शाळेचा हॉल मिळाला तेव्हा ती साजरी व्हायची. रेखा काकू करंज्यांचा डबा घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होत्या. उत्तरापाशी आल्या, तशी ती नेहमीसारखी म्हणाली, "नको."

"असं कसं नको?" काकू म्हणाल्या. "बघ, तुझ्यासाठी खालच्या खुसखुशीत ठेवल्यात."

"नको, काकू. खरंच."

"तुझं खरंच मला माहितीये," म्हणत काकूंनी तिच्या ताटात दोन करंज्या ठेवल्या, तिच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेल्या.

उत्तरानं एक घास घेतला आणि करंजी खाली ठेवली. काकूंना तीन टेबलं पुढे जायचं होतं, डबा जड होता, तरी त्या तिच्यासाठी थांबल्या होत्या. दोनदा. तिनं सारण ताटात सांडवलं आणि बराच वेळ बोटानं ते गोळा करत बसली. बाबांनी विचारलं, पोट दुखतंय का? ती हो म्हणाली.

पुढच्या बुधवारी बर्फ पडत होतं. उत्तरा शाळेतून आली ती सरळ आजींच्या दारात गेली. बेल वाजवली. आजींनी दार उघडलं. तिनं बोटं चालवून दाखवली. आजींनी हात हलवले. तिनं पुन्हा बोटं चालवली. आजींनी मान हलवली. तिनं आजींची बाही धरली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "प्लीज. चला."

आणि मग तिचं लक्ष खाली गेलं. दारामागे जोडे नव्हते. कोट खुंटीवर होता. आजींच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. हे नको रीतीचं नव्हतं, खरं होतं.

आजींनी तिच्या टोपीवरचं बर्फ झटकलं, तिच्या गालाला हात लावला आणि दार हळूच लोटून घेतलं.

उत्तरा पायरीवर उभीच राहिली. घरी जावं, तर टीव्ही होता, दूध होतं. आई आली की सांगता आलं असतं, मी तीनदा विचारलं. तेही खरंच होतं. पण पाय घराकडे वळेनात. शेवटी ती चर्चच्या वाटेला लागली, आजींना न घेता.

तळघरात ऊब होती. सोंगट्यांचा खळखळाट चालला होता. मागच्या टेबलावर टांग बाई आणि आणखी दोघं बसले होते. चौथी खुर्ची रिकामी होती, आणि टेबलावर सोंगट्यांऐवजी नुसते चहाचे पेले. खेळ मांडलाच नव्हता. टांग बाईंनी तिला पाहिलं आणि तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी नाही हे दिसल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"त्या आजारी आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही," उत्तरा म्हणाली. मग तिनं ते सगळं सांगितलं. इंग्रजीतून, खाली जमिनीकडे पाहत. हात सोडला ते, ओळखत नाही म्हणाले ते, एकदाच विचारून पळत होते ते. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिलं नको खरं नसतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी एकदाच विचारायचे."

टांग बाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त ते त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. उत्तराला शब्द कळत नव्हते, पण कुठलं वाक्य चाललंय ते कळत होतं. एकेक टेबल गप्प होत गेलं. सगळ्या म्हाताऱ्या नजरा तिच्यावर होत्या. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं, पण चर्चची जमीन सिमेंटची होती. ती कानकोंडी होऊन तिथेच उभी राहिली.

मग भिंतीशी बसलेले एक टकले आजोबा काहीतरी बोलले आणि दोघं-तिघं हसले.

"ते म्हणतात," टांग बाईंनी सांगितलं, "ही मुलगी विचारते इथल्या लोकांसारखं, एकदाच, पण लाज हिला आपल्यासारखी वाटते."

उत्तराला हसावं की रडावं कळेना. तिनं बाहीनं नाक पुसलं.

"त्या आता इकडे यायच्या नाहीत," टांग बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "एकदा मनानं घेतलं की आम्ही म्हाताऱ्या हट्टी. पण यायला नको म्हणता येतं. दारात आलेल्या पाहुण्याला कोण नको म्हणेल? आणि बर्फात?" त्यांनी खोलीकडे वळून दोन वाक्यं सांगितली. खुर्च्या सरकल्या. टकल्या आजोबांनी सोंगट्यांची पेटी काखेत मारली. कोणी चहाचा मोठा थर्मास उचलला, कोणी वाफाळत्या गोल पावांचं भांडं टॉवेलात गुंडाळलं. जाड शिवणींचे कोट चढले.

"चल," टांग बाई म्हणाल्या. "आम्हाला घर माहीत नाही. तू पुढे हो."

म्हणून उत्तरा पुढे झाली. तिच्या मागे म्हाताऱ्या माणसांची रांग, एकमेकांचे दंड धरून, बर्फावरून जपून पावलं टाकत, मोठमोठ्यानं बोलत. तिला वाटत होतं, बर्फामुळे आज कोणी खेळत नसेल. पण मुलं होती. त्यांनी जाळीखालचं बर्फ खोरं घेऊन साफ केलं होतं. चेंडू थांबला. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जाता आलं असतं. पण मागच्यांना बर्फातून उगाच रस्ता ओलांडायला लावायचं, आणि तेही कशासाठी?

"हे कोण?" क्रेगनं विचारलं.

"शू आजींकडे चाललेत," उत्तरा म्हणाली. "मी तेव्हा म्हणाले ना, ओळखत नाही. ओळखते. खोटं बोलले होते मी."

क्रेगनं चेंडू काखेत धरला. त्याच्या मागचा कोणीतरी हसला. उत्तराचे गाल पेटले, आणि ते तसेच घेऊन ती चालत राहिली.

आजींनी दार उघडलं, आणि दारातली गर्दी पाहून त्यांचा हात तोंडावर गेला. एकच गलका झाला. आजी आधी रागावल्यासारख्या काहीतरी म्हणाल्या, मग सगळ्यांना हातांनी आत ओढायला लागल्या. कोणाच्या खांद्यावरचं बर्फ झाड, कोणाचा कोट घे. दाराशी जोड्यांचा ढीग झाला. आतून पाणी ठेवल्याचा आवाज आला. टेबल सरकलं. पेटी उघडली आणि सोंगट्या ओतल्याचा तो खळखळाट झाला.

उत्तरा पायरीवरच राहिली होती. घर दाखवून झालं होतं. आता तिचं काम संपलं, असं तिला वाटलं. ती वळणार, इतक्यात आजी परत दारात आल्या. त्यांनी आत हात केला.

उत्तरानं मान हलवली. तिचं नको रीतीचं नव्हतं. कुठल्या तोंडानं आत जायचं, हे तिला खरंच कळत नव्हतं.

आजींनी पुन्हा हात केला. तिनं पुन्हा मान हलवली. आतून टांग बाईंनी कोणाला तरी हाक मारली, बहुतेक आजींनाच. त्यांचा डाव अडला होता. पण आजी दार सोडून गेल्या नाहीत. उघड्या दारातून थंडी आत येत होती, त्यांच्या सपातांवर बर्फ पडत होतं, आणि त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी खिशात हात घातला आणि तळहातावर एक सुकं आलुबुखार घेऊन तिसऱ्यांदा तो हात पुढे केला.

उत्तरानं ते घेतलं. आत आली, बूट काढले आणि त्या ढिगाच्या कडेला ठेवले. मग ती दाराजवळच्या कोटांच्या कपाटाशी गेली, खाली वाकली, आणि आतपर्यंत हात घालून आजींचे काळे कापडी जोडे शोधून काढले. ते तिनं दारामागे आणून ठेवले, बाहेरच्या दिशेला तोंड करून.